सांगण्याआधी घेतलेला श्वास

दवाखान्यात तिला सगळे तारवाली म्हणत. मेंदूचा आलेख काढण्याच्या अरुंद खोलीत तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती आणि त्या टोपणनावाचा तिला थोडा अभिमानही होता. रुग्णांच्या शंका ठरलेल्या असत. ‘करंट बसतो का हो?’ या प्रश्नाला तिचं उत्तर तयार असे, ‘आम्ही देत काही नाही, नुसतं घेतो.’ एका निवृत्त मास्तरांनी तर बायकोकडे तिरकं बघत विचारलं होतं, ‘मनातलं दिसत असेल तर आधी हिला बाहेर बसवा.’

मनातलं काही दिसत नाही, हे ती न कंटाळता समजावी. मेंदूतल्या लक्षावधी पेशी एका लयीत चालू लागल्या की त्यांच्या विजेचा एकत्रित चढउतार कवटी ओलांडून कातडीपर्यंत पोचतो. तो इतका क्षीण असतो की यंत्राला तो कित्येक पटींनी वाढवून मगच रेषांत उतरवावा लागतो. जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला नऊ-दहा लाटांची संथ माळ उमटते. डोळे उघडताच ती विरते. फेफऱ्याचा कल असला तर मध्येच सुळक्यासारखी टोकं उसळतात, मात्र दरवेळी उसळतीलच असं नाही.

घरी यातलं अवाक्षर काढायची सोय नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवरा म्हणाला होता, ‘डोक्याबिक्याचं नको गं, मला मळमळतं.’ हळवा आहे, असं समजून तिने काम दवाखान्याच्या दाराशीच ठेवायची सवय लावून घेतली.

तोच नवरा काल संध्याकाळी स्वयंपाकघरात कोसळला. हातपाय झटकले, जीभ चावली गेली. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, ‘असं पहिल्यांदाच झालं.’ तिच्या मनात आलं ते वेगळंच. रोज सकाळी मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत तोच नेई. हे रस्त्यात झालं असतं तर?

डॉक्टरांनी आलेख काढायला सांगितला. सोबत त्याची थोरली बहीण आली. लग्न तिनेच जुळवलं होतं. ‘अगं, पोटात काही नसेल, आली चक्कर,’ ती बाहेरच्या बाकावर टेकत म्हणाली. ‘तू आपली राईचा पर्वत करतेस.’

तारांच्या जागा मोजायला डोक्यावरून टेप फिरू लागली की नवख्या माणसाला हसू तरी येतं, नाहीतर त्याची मान तरी आखडते. याने हनुवटी आपणहून छातीकडे नेली आणि मागचा उंचवटा शोधून त्यावरचे केस बोटांनी बाजूला धरले. खरखरीत मलमाने कातडी घासली तेव्हा ‘हे काय’ म्हणूनही विचारलं नाही. आपणच कधीतरी बोललो असू, अशी तिने मनाची समजूत घातली.

तारा लागल्या. डोळे मिटून झाले, उघडून झाले. ‘आता पुढचं,’ एवढंच म्हणून ती घड्याळाकडे वळली, तोच मागून आवाज आला. त्याने तोंड किंचित उघडलं होतं आणि तो लांब, एकसारखे श्वास घेऊ लागला होता, दडलेले सुळके वर यावेत म्हणून या तपासणीत जसे घ्यावे लागतात अगदी तसे. हा भाग ती प्रत्येकाला दोनदोनदा करून दाखवी, तरी लोक चुकत. न सांगता आजवर कुणी सुरुवात केली नव्हती.

थोड्या वेळाने पडद्यावर सुळके उसळले. तिने त्यांच्यापुढे खूण केली, आलेख शेवटपर्यंत नीट काढला आणि मगच विचारलं, ‘ही कितवी वेळ?’

‘कसली?’

‘तारा लावून घ्यायची.’

तो छताकडे बघत म्हणाला, ‘मोजलं नाही. शाळेत असल्यापासून आहे.’

‘आणि रोज रात्री पोटाच्या म्हणून घ्यायचास, त्या गोळ्या?’

‘त्या याच्याच. मध्यंतरी सोडल्या. इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं ना.’

‘मी लग्नाला नाही म्हणाले असते, असं वाटलं तुला? मी?’

‘ताई म्हणाली, दुसरी कुणी असती तर सांगितलंही असतं. ही तर रोज तेच करते. जन्मभर तुझ्याकडे रेषा वाचल्यासारखी बघेल.’

फेफरं म्हणजे कलंक नव्हे, लपवू नका, हे तिने किती घरांना पटवलं होतं! आणि तिच्याच घरात दोघांनी मिळून तिला परकी ठरवलं होतं, तेही ती हे काम जाणत होती म्हणून.

दार ढकलून नणंद आत आली. तारवालीच्या चेहऱ्याकडे बघूनच ती काय ते समजली. ‘त्याचा संसार उभा राहावा म्हणून केलं गं. तुझं त्यात काय वाईट झालं?’

‘ताई, गोळ्या सोडून तो माझ्या पोरीला स्कूटरवर नेत होता. तुम्हाला ठाऊक होतं?’

नणंदेने मान खाली घातली.

कोमट पाण्याचा बोळा घेऊन तारवालीने त्याच्या केसांतलं मलम पुसायला घेतलं. सवयीने हात हळुवार चालत होता आणि त्या हळुवारपणाचा तिला राग येत होता. पुसून झाल्यावर तिने तोच ओला हात त्याच्यापुढे पसरला.

‘स्कूटरची किल्ली.’

‘घरी गेल्यावर बोलू या ना.’

‘बोलायला आठ वर्षं होती. किल्ली दे.’

त्याने बहिणीकडे पाहिलं. मग त्याने जुडग्यातून किल्ली सोडवली. कडीत त्याचं नख अडकलं. तिने मदत केली नाही.