गोड निघालेलं कारीट

सुप्रभा मूळची वेंगुर्ल्याची. जपानातल्या त्सुकुबात राहून केस पिकायला लागले, तरी जिभेची धार तशीच. नवरा उल्हास तिथल्या संशोधन संस्थेत प्रयोगांत बुडालेला, आणि ही नगरपालिकेने भाजी लावायला भाड्याने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात. तुकडा तरी केवढा! चार चटया अंथरल्या की संपला. पण त्या चार चटयांवर राज्य सुप्रभाचं.

बियांच्या बाबतीत तर बाई भलतीच कडक. शरद लागला, की भेंडीची खोडं उपटायची, वेल ओढून काढायचे, कांद्याची रोपं लावायला माती भुसभुशीत करायची. पण त्याआधी प्रत्येक जातीतलं एकेक झाड बियांसाठी राखायचं. भेंडीची शेंग झाडावरच वाळून खुळखुळायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, आणि कुणी लावू नये म्हणून तिच्या देठाला लाल चिंधी बांधायची. एकदा विभा, उल्हासच्या संस्थेतल्या शैलेंद्रची बायको, सहज म्हणून शेतावर आली आणि कौतुकाने तीच शेंग तोडून बसली. झालं! सुप्रभाने सगळ्यांदेखत तिची अशी काही हजेरी घेतली, की बिचारी रडकुंडीला आली. "डोळे आहेत की नाही तुला? राखलेलं बियाणं ते! खायचं तर चार भेंड्या मागून घे, पण बियाण्याला हात?" त्यानंतर विभा त्या बाजूला फिरकली नाही. सुप्रभाला त्याचं काही वाटलं नाही. आपलं चुकतंच कुठे, अशा थाटाची बाई ती!

शेजारचा तुकडा नेमोतो-सान या म्हाताऱ्यांचा. अबोल माणूस. दिसलं की कमरेत वाकणार, पावसापाण्याचं एखादं वाक्य बोलणार, की पुन्हा मातीत. यंदाच्या उन्हाळ्याने त्यांची फार दैना केली होती. वेल जागच्या जागी करपले. एक तेवढा कसाबसा जगला आणि हद्दीच्या दोरीखालून सुप्रभाच्या बाजूला शेपूट टाकून पडला.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सुप्रभा मेथी पेरायला गेली, तेव्हा त्या वाळक्या वेलावर तिला फळं दिसली. लिंबाएवढी, पिवळीधमक, बारीक हिरव्या रेघांची.

"अगो बाई, कारीट!"

आता कोकणातल्या माणसाला कारीट काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. कारीट म्हणजे कडूजहर रानफळ. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, की तुळशीपुढे ते ठेवायचं आणि 'गोविंदा, गोविंदा' म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. तो नरकासुर. मग त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि फराळाला बसायचं. जपानात कारीट कुठून मिळणार? इतकी वर्षं या घरात नरकासुर म्हणून चेरी टोमॅटो फुटत होता. उल्हास दर वर्षी हसायचा आणि सुप्रभा दर वर्षी चिडायची.

तिला इतका आनंद झाला, की ती गुणगुणायलाच लागली. दोरीपलीकडे हात घालून एकेक करत सगळी तोडली. तोडताना एक गोष्ट तिला दिसली. प्रत्येक फळाखाली पेंढ्याची छोटीशी गादी होती. ओल्या मातीला फळ टेकून कुजू नये म्हणून घालतात, तशी. हे सुप्रभाला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मन कसं असतं बघा. वाऱ्याने आला असेल पेंढा, असं तिने स्वतःला सांगितलं आणि फळं पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाल्कनीत तुळशीच्या कुंडीपुढे फळं मांडली. उल्हासने एक फोडलं, बाकीची सुप्रभाने. फटाफट! बिया पार कुंडीपर्यंत उडाल्या. मोठ्या हौसेने तिने रसात बोट बुडवून जिभेवर टेकवलं.

गोड.

साखरेसारखं गोड, आणि पिकल्या खरबुजाचा वास सगळ्या बाल्कनीत भरलेला. त्या क्षणी तिला पेंढा आठवला.

"काय गं, कडू आहे ना?" उल्हासने विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि केरसुणी आणायला गेली. चोथा गोळा करून जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत बांधला. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, आणि नेमका तोच वार होता. गाडी आली आणि घेऊन गेली.

दुपारी ती शेतावर गेली, तर नेमोतो-सान गुडघ्यांवर बसून वाळकी पानं उचलून उचलून पाहत होते. तिला पाहून उठले, वाकले. एरवी न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. गावाकडे त्यांच्या बहिणीच्या अंगणात हे खरबूज होत असे. बहीण या वसंतात गेली. तिच्या घरातून आणलेलं होतं नव्हतं तेवढं बी त्यांनी पेरलं, आणि त्यातला हा एवढा वेल उरला. फळं वाढली नाहीत, पण बी धरलं असतं म्हणून राखली होती.

"कावळे असतील, नाही का?" ते म्हणाले.

सांगायची वेळ हीच होती. पण सुप्रभाच्या तोंडून निघालं, "हो. कावळेच असतील."

एवढ्यावर थांबलं असतं, तर एक वेळ ठीक होतं. पण नेमोतो-सान आपल्या खोपटातून जाळं घेऊन आले आणि तिच्या मेथीच्या वाफ्यावर स्वतः अंथरायला लागले. कावळे तुम्हालाही त्रास देतील, म्हणाले. सुप्रभा जाळ्याचं दुसरं टोक धरून उभी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

त्या दिवाळीत चकली घशाखाली उतरली नाही. विभाने फराळाला बोलावलं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. विभाकडे कुठल्या तोंडाने जाणार? तिने तर निदान न कळून एक शेंग तोडली होती. आपण कळून तोडलं, पायाखाली चिरडलं, आणि वर कावळ्यांच्या नावावर खपवलं.

थंडी वाढली तशी तिने तुळस घरात घेतली. खोलीच्या उबेत थोड्याच दिवसांत कुंडीतल्या मातीतून दोन जाड पानांचं रोप वर आलं. तुळशीचं नव्हे. सुप्रभाने एका नजरेत ओळखलं. खरबूज! मग कुंडीचा काठ, कुंडीखालच्या ताटलीची मागची बाजू, सगळं नखाने खरवडलं. सुकून चिकटलेल्या मूठभर बिया निघाल्या. कोंब आलेलं रोप बाहेरच्या थंडीत जगणार नव्हतं, पण या बिया जगणार होत्या.

तिने उल्हासला सगळं सांगून टाकलं. "दे की नेऊन," तो म्हणाला. "दुसरीकडे मिळाल्या म्हणून सांग."

"लाज नाही वाटत तुला असं शिकवायला?" ती कडाडली. आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर बियांची पुडी बांधायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी घेऊन ती गेली. सगळं सांगायचं, अगदी पायासकट, असं ठरवूनच. नेमोतो-सान लसणाला पेंढा घालत होते. तिने पुडी पुढे केली, खाली मान घालून म्हणाली, "ते कावळे नव्हते. फळं मी तोडली. तुमच्याशी खोटं बोलले. मला माफ करा."

नेमोतो-सानांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली, उघडून पाहिली. मग म्हणाले, "माहीत होतं. मी तेव्हा नळापाशी होतो. पण तुम्ही इतक्या खुशीत होतात, गाणं म्हणत होतात. हाक मारली असती तर तुम्हाला किती अवघडल्यासारखं झालं असतं!"

म्हणजे कावळे त्यांनीच पुढे केले होते. तिला लाज वाटू नये म्हणून. आणि तिने ते बिनदिक्कत घेतले होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पायाचं सांगायचं, म्हणून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "चव कशी होती? यंदा मला एकही खायला मिळालं नाही."

"गोड," ती म्हणाली. "खूप गोड होती."

नेमोतो-सानांनी डोळे मिटून मान हलवली. "हो. बहिणीकडची तशीच असायची. बरं झालं. कुणीतरी खाल्ली."

सुप्रभा कमरेत वाकली. जितकं वाकता येईल तितकं वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. बुटाच्या आत तिच्या डाव्या पायाचा अंगठा आखडून गेला होता.