उतरल्यावरचे तास

"विमाननं ऱ्हाऊ दे. खाले उतरावर कितला घंटा लागतीन, ते सांग."

पोरगं परदेशात असलेल्या प्रत्येकाला मागच्या गल्लीतला म्हातारा हेच विचारायचा. विचारण्याआधी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. एकदा का टोपी गुडघ्यावर आली, की आमच्या कळसाडीत लोक हळूच उठून जायचे.

कारण गावात कोणी गेलं की मयत कधी उचलायची, हे तोच ठरवायचा. तरुणपणी सायकलवर गावोगाव मयतीचा सांगावा न्यायचा. तेव्हापासून कोण कुठून किती वेळात पोचेल, ते त्याच्या डोक्यात पक्कं. सुरतेची लेक पाच तास. पुण्याचा भाऊ दहा. पुढे पोरं विमानानं जायला लागली, तसं त्याचं काम वाढलं. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

मला त्याचा राग यायचा. समोर जिवंत बसलेल्या माणसाचे हा तास मोजतो! माझा पोरगा मेलबर्नला. मलाही त्यानं विचारलंच.

"तुले काय करनं शे?" म्हटलं.

"मन्हं काय, नाना? मन्हा लोके समदा हाई गल्लीमाच शेतस. मन्ही मयतले वाट देखनं कोनले पडाव नही."

आणि स्वतःच हसला.

माझी बायको गेली त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. टोपी गुडघ्यावर.

"नाना, पोऱ्याले इचार. थांबूत आपन. शहादाथून बरफ लई येस मी."

मी म्हणालो, "उचला."

पोराला फोन केला तो सगळं उरकल्यावर. चारचौघांत विचारलं असतं आणि तो येत नाही म्हणाला असता, तर? ते मला सोसलं नसतं. तिसऱ्या दिवशी तो आला. ओट्याशी बॅग धरून उभा राहिला. "एक दिवस थांबला असतात, नाना," एवढंच बोलला. परत गेला, तेव्हापासून फोन करतो, पण जेवलात का, याच्या पुढे जात नाही. मीही नेत नाही.

यानंतर वर्षभर म्हाताऱ्यानं मला काही विचारलं नाही. मग एकदा पिठाच्या गिरणीत माझ्या शेजारी बसला. टोपी डोक्यावरच होती.

"समदास्नं माले पाठ शे, नाना. तुन्हंच ऱ्हाई गयं."

मी दळण न घेताच उठलो.

या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी स्वतः पोराला फोन लावला. किती लांब आहे रे, विचारलं. तो म्हणाला, दहा हजार किलोमीटर धरा. सरळ विमान मिळालं तर मुंबईपर्यंत तेरा तास. तिथून गाडीनं नऊ.

"का विचारताय, नाना?"

"असंच."

सकाळी ते म्हाताऱ्याला सांगायला निघालो. मागच्या गल्लीत वळलो, तर त्याच्या दाराशी माणसं. पहाटेच गेला होता. त्याची सगळी माणसं खरंच तिथंच होती. तिरडी बांधून झालेली, चौघं वाकलेले.

"थांबा," मी म्हणालो.

त्याच्या पोरानं वर पाहिलं. "कोनासाठे थांबूत, नाना?"

मी खाली बसलो. माझी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकलो.

"मुंबईपावत तेरा घंटा. उतरावर नऊ."

मग म्हटलं, "उचला आते."