झडीसाठी भरलेली बरणी

ज्या दिवशी अक्कांनी कमरेच्या किल्ल्या सोडून सासूबाईंपुढे ठेवल्या, त्या दिवशी मी ओटीवर समोरच उभी होते. किल्ल्या का सुटल्या, हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होते. मी बोलले नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही — ह्यांना नाही, देवासला माझ्या आईला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. आता अक्का गेल्या. तेराव्याच्या पंगतीत कोणी म्हणाले, बाई करारी होती, पण पुढे हात चळला बिचारीचा. मी वाढत होते. ऐकले, आणि पुढच्या पानाकडे गेले. पुन्हा एकदा गप्प. किती वेळा एकच गोष्ट करायची माणसाने?

म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश लिहीन. मला घाईने काही सांगता येत नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहान वयात कपाळ पांढरे झाले आणि त्या धारला भावाच्या घरी परत आल्या. मामंजी — माझे सासरे — दरबारात कारकुनीवर. घर खाऊनपिऊन सुखी. पण त्या घरात अक्कांचे म्हणावे असे काय होते? अंगावर तांबडे आलवण, एक वेळचे जेवण, देवघराबाहेर अंथरायला एक घोंगडी. आणि कोठी. कोठीत काय आहे, किती आहे, कधी काढायचे — हे फक्त अक्का ठरवीत. मामंजीसुद्धा दारात उभे राहून मागत, आत पाय घालीत नसत.

माळव्यातली झडी तुम्ही पाहिली असेल तर पुढचे समजेल. नसेल पाहिली तर सांगते. वारा छपराचे कवेलू उडवून नेतो, पाणी नेमके चुलीवर गळते, आणि गोवऱ्यांचे पुन्हा शेण होते. लाकूड धुमसते, पेटत नाही. बाजार बंद, रस्त्यावर पोटरीपर्यंत काळा चिखल. असे चार दिवस जातील की दहा, कोण सांगणार? त्या दिवसांत घराने काय खायचे, ते अक्का वैशाखातच ठरवून ठेवीत.

भडभुंज्याच्या भाडासमोर, त्या भट्टीपुढे, त्या स्वतः जाऊन उभ्या राहत — चार हात लांब, पदर नाकाला. वाळू नवी आहे ना, चाळणी कोरडी आहे ना, असे त्याला अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या माळवीत विचारून भंडावून सोडीत. तो हसून म्हणे, “माजी, तमारे सामने तो म्हारो भाड बी डरे हे.” अक्का म्हणत, डरू दे, खडा निघाला तर तुझ्याच दाताखाली देईन.

मग कोठीत मांडणी. दाराशी लाह्यांची मडकी, कारण लाह्या आधी मऊ पडतात, त्या आधी संपवायच्या. त्यामागे पोहे आणि मेतकूट. मग डाळे, गूळ, खोबरे, खारका, मिठातल्या कैऱ्या. आणि सगळ्यांत मागे, फळीवर, सातूची मोठी बरणी. गहू आणि हरभरे भाजून, घरच्या जात्यावर दळून, वेलदोडा घालून केलेला तो सातू अक्का अगदी शेवटासाठी राखीत. त्याला चूल लागत नाही. पाणी, गूळ, कालवले की जेवण झाले. आणि कोरडा राहिला तर दिवाळीपर्यंत बिघडत नाही.

कोरडा राहिला तर. म्हणून कोठीचा नियम एकच होता — हात कोरडा. दाराच्या खुंटीला एक फडके टांगलेले असे. अक्का आत जाण्याआधी त्याला हात पुसत, बाहेर आल्यावर पुन्हा पुसत. हा झाला टिकण्याचा नियम. दुसरा सोवळ्याचा, तो सांगायलाच नको.

मी लग्न होऊन आले तेव्हा लिहितावाचता येणारी सून म्हणून आले. वडील देवासला शाळामास्तर. सासूबाईंना त्याचे कौतुक नव्हते. अक्कांना होते. दुपारी त्या जप करीत बसत आणि मला पोथी वाचायला लावीत. मी अडले की म्हणत, असू दे, पुढे जा, अर्थ मागून येईल. हे मी उगीच सांगत नाही. त्या मला काय समजत होत्या, ते तुम्हांला ठाऊक असले पाहिजे.

त्या वर्षी श्रावणात झडी लागली. हे मनावर गावी परगण्याच्या कामावर अडकलेले, नदी उतरू देईना. चूल विझली ती विझलीच. अक्कांनी लाह्या काढल्या, मग पोहे. आणि अशात मी बाहेरची बसले.

मागच्या पडवीत एका कोपऱ्यात माझे अंथरूण. पडवीचे कवेलू उडाले तेव्हा सासूबाईंनी लांबूनच सांगितले, कोठीच्या दारासमोर आडोसा आहे तिथे सरक, पण कशाला शिवू नको. मी सरकले. तिथून कोठीचे दार समोर दिसे. पहिल्या दिवशी अक्कांनी पानावर पोहे-गूळ लांबून सरकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी आले नाही. सासूबाईंना वाटले अक्कांनी दिले, अक्कांना वाटले सासूबाईंनी. पुढल्या खोल्यांत पाणी शिरले होते, सगळ्यांची धावपळ. मी हाक का मारली नाही? नवी सून भूक लागली म्हणून ओरडते — हे मला जमले नाही. दुपार झाली. पोटात कळा, वर भूक. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

तेवढ्यात अक्का कोठीत आल्या. फडक्याला हात पुसले, डाळे मापून घेतले, आणि पुढून कोणी हाक मारली म्हणून कुलूप तसेच कडीला लटकवून गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांच्या मनात मी जेवलेली होते.

मी उठले आणि आत गेले.

सातूच्या बरणीचे फडके सोडले. पहिली मूठ भरली तेव्हा हात लुगड्याला पुसलेला होता, एवढे मला आठवते. कोरडा सातू घशाला चिकटला. ठसका लागला तर कोणी येईल, म्हणून दारात येऊन वळचणीचे पाणी ओंजळीत धरले, प्याले, आणि परत वळले. दुसरी मूठ मी त्याच हाताने भरली. तिसरीही. खोल, कोपरापर्यंत, कारण वर वर काढले तर खड्डा दिसला असता. मग बरणी हलवून सारखी केली आणि फडके होते तसे बांधले.

आता, विटाळात मी कोठीत गेले, झडीसाठी भरलेल्या बरणीत हात घातला — ह्याची मला लाज आहे का? नाही. तेव्हा भीती होती, लाज नव्हती. आज भीतीही नाही. पुढे चारसहा दिवसांनी तीच बरणी उघडली. मामंजींनी त्याच सातूचा नैवेद्य दाखवला. सगळ्यांनी खाल्ला, वाटी पुसून खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, वेलदोड्याचा वास कसा राहिला आहे बघा. कोणाला काही झाले नाही. देवांनाही नाही. मी पाहत होते, आणि खरे सांगते, त्या क्षणी मला आत कुठेतरी हसू येत होते. कोणाला हे वाईट वाटायचे असेल तर वाटो. उपाशी बाईला पान वाढायला विसरलेल्या घराने विटाळ कोणाला शिकवावा?

आणि गप्प राहिले, तेही तेवढ्यापुरते बरोबरच होते. मी तोंड उघडले असते तर बरणी परसात ओतली गेली असती आणि घर उपाशी निजले असते. इथपर्यंत मी कोणापुढेही ताठ उभी राहीन.

पण इथपर्यंतच.

पुढल्या दिवशी सातूला आंबूस वास आला. अक्कांनी पळी खोल घातली तर खाली गोळे. गोळ्यांना हिरवट बुरशी. बरणी ओतावी लागली. बाकी मडकी तळाला गेली होती. मग आणखी दोन दिवस घराने खारका चघळून आणि गुळाचे पाणी पिऊन काढले. मामंजी साठीच्या घरातले, त्यांना घेरी आली. जिवावर बेतले नाही, पण घर घाबरले. आणि घाबरलेल्या घराला कोणीतरी हवे असते.

पाऊस उघडला. हे मनावरहून आले. सगळे ओटीवर जमले. सासूबाई म्हणाल्या, वन्संचा हात अलीकडे थरथरतो, कुलूपसुद्धा उघडे टाकून गेल्या होत्या. अक्का म्हणाल्या, कुलूप विसरले, कबूल. पण माझ्या हाताने त्या बरणीत पाणी गेलेले नाही. आजवर नाही गेले. मामंजी चिडले नाहीत. चिडले असते तर अक्का भांडल्या असत्या. ते मऊ आवाजात म्हणाले, “अक्का, आता तुझ्याच्यानं होत नाही. बस की जरा स्वस्थ.”

तेव्हा अक्का माझ्याकडे वळल्या.

“तू दारासमोर होतीस ना गं मुली? तू वाचणारी. पाहिलंस ते नीट सांगशील. माझा हात ओला होता का?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हेही.

नुसती गप्प राहिले असते तरी चालले असते. माहीत नाही म्हटले असते, लक्ष नव्हते म्हटले असते — तर त्यांच्यापाशी निदान शंका उरली असती. पण मला वाटले, शंका उरली तर कोणीतरी विचारील, उघड्या कुलपासमोर बसलेली तू आत तर गेली नव्हतीस ना. सांगू का नको असे करीत मी इतकी वर्षे ज्या गोष्टीभोवती फिरत आहे, ती ही. बरणी नव्हे, विटाळ नव्हे.

मी म्हणाले, “हो अक्का. ओला होता. मी पाहिला.”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग कमरेच्या किल्ल्या सोडल्या.

त्यांना माझा संशय आला असता तर? पुष्कळदा मी तसे मानून घेण्याचा यत्न केला — की त्यांना कळले होते, त्यांनी मला झाकले. किती सोयीचे झाले असते. पण तसे नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. त्यानंतर काहीही हातात घ्यायच्या आधी त्या हात पुसू लागल्या. जपमाळेला, फुलांना, पाण्याच्या तांब्याला सुद्धा. पदराने पुसायच्या, पाहायच्या, पुन्हा पुसायच्या. पुढे मुले हसत. माझी मुलेही हसली. मी त्यांना रागे भरले, पण कशाबद्दल रागे भरते ते सांगितले नाही.

कोठीत त्या पुन्हा गेल्या नाहीत. वैशाख आला की भडभुंज्याकडे मला पाठवीत. तो विचारी, “माजी नी आयी?” मी म्हणे, बरे नाही. परतल्यावर त्या विचारीत, वाळू नवी होती का, चाळणी कोरडी होती का. मी सगळे सांगे. त्या मान हलवीत आणि म्हणत, तुझा हात चांगला आहे, कोरडा आहे.

सासूबाई गेल्या तेव्हा किल्ल्या माझ्याकडे आल्या. मी त्या अक्कांपुढे नेऊन ठेवू शकले असते. दोन शब्द सांगून. तेव्हा मला कोण घराबाहेर काढणार होते? कोणी नाही. तरी नेल्या नाहीत. तेव्हाची पोर घाबरली होती, असे म्हणायची सोयही मी पुढे अशी घालवली.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांना गुळाच्या पाण्यात सातू कालवून भरवीत असे. वाटी धरण्याआधी त्या हात पुसायला फडके मागत. वाटी तर माझ्याच हातात असे. तरी मी फडके देत असे.

क्षमा करणारे माणूस गेले. दुसऱ्या कोणाची मला नको, देऊही नये. पंगतीत जे म्हणाले त्यांना मात्र सांगायचे आहे: अक्कांचा हात चळला नव्हता. त्या दिवशी कोठीत एकच हात ओला होता, तो माझा. हे कागद मी ह्यांच्या उशाशी ठेवणार आहे. वाचून घरात जे व्हायचे असेल ते होवो.

यंदाचा सातू दळून झाला आहे. बरणी मागच्या फळीवर आहे, तोंडाला फडके बांधले आहे. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. अक्कांचे हात पुसायचे फडके खुंटीला आहे.