नांगरटीचे मार्क

माझी शाळा चौथीपर्यंतची. नात ताथवड्याला इंजिनियरिंग शिकायची. तिच्या मोबाइलमधलं मला काय कळणार? तिनंच एकदा वाचून दाखवलं. घरी करायला दिलेला प्रोग्राम जमेना, म्हणून तिनं जाणत्या लोकांच्या एका ग्रुपवर विचारलं होतं. आधी टोमणेच आले. "होमवर्क आम्ही करायचा, मग नोकरीही आम्हीच करू का?" शेवटी एकानं अख्खा प्रोग्राम लिहून दिला. हिनं तो तसाच जमा केला.

कॉलेजच्या मॅडमही त्याच ग्रुपवर होत्या. त्यांनी पालकांना बोलावलं. नातीचे आधीचे विषय राहिलेले. हा गेला तर वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं की कंपनीत लावतो, असं माझ्या पोरानं बजावलं होतं. त्याला शिफ्ट सोडता येईना, म्हणून मी गेलो.

मॅडमना म्हणालो, "आमच्या गावात इर्जिक घालायचे. एकाच्या वावरात साऱ्यांचे बैल यायचे, दिवसात नांगरून द्यायचे. म्हणून काय पीक दुसऱ्याचं झालं? पोरीनं मदत मागितली, चोरी केली न्हाई."

मॅडम हसल्या नाहीत. "आजोबा, इथं पिकाला मार्क नाहीत, नांगरटीला आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माफीचा अर्ज द्या. पास होण्यापुरते मार्क देते."

माफी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"माफी कशापायी? येतंय तिला. आत्ता तुमच्यासमोर लिहायला लावा."

नातीनं माझी बाही ओढली. "आबा, नको ना. अर्ज देऊ."

मला वाटलं, लाजतेय. "गप. लिही."

मॅडमनी कागद दिला. दोन ओळी तिनं झरझर लिहिल्या. तिसरीला पेन थांबलं. ती कागदाकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. बऱ्याच वेळानं मॅडमनी कागद तिच्या हाताखालून काढून घेतला.

"आता अर्ज घेता यायचा नाही, आजोबा. माझ्या डोळ्यांदेखत झालं."

निगडीला बस बदलताना मी म्हणालो, "येत न्हवतं तर सांगायचं हुतंस."

"सांगत होते की," ती म्हणाली.

आता ती चाकणला एका कंपनीत वायरी जोडते. पोरगा म्हणतो, पगार वेळेवर होतो. मी म्हणतो, भिकेचे मार्क तर घेतले न्हाईत. ती ऐकते आणि डबा भरते.