आदी खोट, मंग भाव

गिऱ्हाईक गाळ्यात आलं की मामा पहिल्यांदा त्याचं मनगट धरायचे. त्याला वाटायचं म्हातारा हात मिळवतोय, तोवर मामांनी त्याचं बोट मोटरसायकलच्या टाकीखाली नेऊन नेमकं चेपलेल्या पत्र्यावर टेकवलेलं असायचं. मग झाळलेला सांधा, मग बदललेला पाइप. सगळं बोटाखालून गेलं की हात सोडायचे. "आदी खोट, मंग भाव," एवढंच बोलायचे.

तुमच्याही ओळखीत जुन्या वस्तू विकणारा एखादा असेल. चेपलेली बाजू तो भिंतीकडे करून ठेवतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मामा ती बाजू दाराकडे, उजेडात ठेवायचे. अशानं एक दिवस यांचं दिवाळं वाजणार, अशी माझी खात्री होती. पण लोक कुठून कुठून यायचे आणि खोटीसकट गाडी घेऊन जायचे.

रबाळे गावठाणात मामांची तीन मजली इमारत होती आणि दुसऱ्या मजल्यावर मी भाड्यानं राहायची; घरमालकांना सगळे मामाच म्हणायचे. नवं शहर वसलं तेव्हा शेतं गेली, गावातलं घर राहिलं, त्याची इमारत झाली. आजूबाजूच्यांनी तळमजल्याचे गाळे किराणावाल्यांना आणि मोबाइलवाल्यांना दिले. मामांनी आपल्या गाळ्यात जुन्या इटालियन मोटरसायकली भरल्या. तरुणपणी ते बंदरावर कामाला होते. तिथे कुणा इटालियन इंजिनियरनं मागे टाकलेली एक गाडी त्यांनी घरी आणली, दुरुस्त केली, आणि तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. अशा गाड्या आपल्याकडे मुळातच कमी आल्या, त्यामुळे हौशी लोकांना त्या गाळ्याचा पत्ता पाठ होता.

त्यांच्या जाहिराती मी लिहायची, कारण त्या इंग्रजीत लागायच्या. मामा खुर्चीत बसून सांगायचे आणि सुरुवातच खराबीपासून करायचे. निदान गाडीचा रंग तरी आधी लिहू द्या, असं मी म्हणून पाहिलं. ते ऐकत नसत. मामी म्हणायच्या की लग्नाच्या बैठकीतही या माणसानं मुलीकडच्यांना स्वतःहून सांगितलं होतं, मी घोरतो आणि आई तापट आहे. "तवाच कललं मना, यो मानूस धंदा करनार नाय," असं म्हणून त्या खुशाल हसायच्या.

त्यांचा आणखी एक नियम होता. या जुन्या इटालियन गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. आपल्या सवयीचा माणूस बसला की ऐन वेळी ब्रेक समजून गिअर दाबतो. म्हणून पहिली फेरी मामा स्वतः मारायचे. गिऱ्हाइकानं मागे बसायचं, पाय कुठे काय करतात ते बघायचं. गल्लीतून निघून कारखान्यांच्या मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं, थोडं पुढे जायचं आणि परत. ही फेरी झाल्याशिवाय त्यांनी एकही गाडी विकली नाही. आपण चालवू शकत नाही ती गाडी विकायचा आपल्याला हक्क नाही, असं ते मानायचे.

एकदा ते कोपर सोलवटून आले. मामींना सांगितलं, बकरी आडवी आली. मी गॅलरीतून पाहिलं होतं. बकरी नव्हती. डाव्या हाताला एक टेम्पो अगदी खेटून उभा होता आणि मामा सरळ त्याच्या आरशावर जाऊन आदळले होते. पुढे लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, डाव्या बाजूनं कुणी हाक मारली की ते दचकतात आणि चहाचा कप चाचपडत शोधतात. मी मागे लागून त्यांना वाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, बाजूचं गेलं होतं, आणि डाव्या डोळ्याचं जास्त. आता वाहन चालवायचं नाही, असं डॉक्टरांनी मला इंग्रजीत आणि त्यांना मराठीत बजावलं.

रिक्षानं परतताना घर जवळ आल्यावर मामा म्हणाले, "मामीला बोलू नको बाय. कललं त उद्याच गाल्याला कुलूप लावंल."

मी चिडले. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, असं तोंडावर म्हटलं. त्यांनी माझ्याकडून एवढंच मागून घेतलं की हिरवी गाडी जाईपर्यंत थांब. हिरवी म्हणजे गाळ्यातली सगळ्यांत दुर्मीळ गाडी. तिला कोल्हापूरचे एक दातांचे डॉक्टर बघायला येणार होते. ती दिली की मी चावीला हात लावणार नाही, असं मामा म्हणाले. मी थांबले, पण त्या दिवसांत खाली इंजिन सुरू झालं की माझ्या हातातलं काम सुटायचं.

कोल्हापूरचे डॉक्टर बायकोला घेऊन आले. माणूस भलताच साधा. गाडीजवळ जाण्याआधी त्यांनी चपला काढल्या. मामांनी त्यांचं मनगट धरलं आणि बोट टाकीवर, सांध्यावर, मडगार्डवर फिरवलं. मग गाडी बाहेर काढून किक मारली. तिचा आवाज जाड आणि संथ होता, गल्लीतले लोक दारात आले. मामा बसले, डॉक्टर हौसेनं मागे बसले.

डॉक्टरांची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर घट्ट धरला होता. तिनं मला हळूच विचारलं, "नीट चालवतात ना हो हे?"

मी रस्त्याकडे पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी एक कंटेनर गेला, त्यामागे दुसरा. उजवीकडे वळायचं म्हणजे डावीकडून येणारं दिसायला हवं, आणि मामांना नेमकं तेच दिसत नव्हतं. त्यांनी क्लच दाबला. पायानं गिअर टाकल्याचा खटका मला ऐकू आला. मी पुढे होऊन गाडीचं हॅन्डल धरलं.

"मामा, एक खोट सांगायची राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, हे मी लपवणार नाही. इंजिन चालूच होतं. डॉक्टर मागून विचारत होते, काय झालं, काय राहिलं? मग मामांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट आपल्या डाव्या डोळ्याशी टेकवलं.

"खोट हितं हाय," ते म्हणाले. "बाजूचा दिसत नाय मना. तुमाला मागं बसवायला नको व्हता."

मामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. ट्रे त्यांनी पायरीवर ठेवला आणि तिथेच बसल्या.

डॉक्टर निघून जातील असं मला वाटलं. पण त्यांनी हेल्मेट घट्ट केलं आणि म्हणाले, मी चालवतो, तुम्ही मागे बसा, पाय कुठे ठेवायचा ते सांगा. मामांनी त्यांना गाडी स्टँडवर असतानाच बराच वेळ पाय फिरवायला लावले. मग ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदा आपल्याच गाडीवर मागे बसले, दोन्ही हात डॉक्टरांच्या खांद्यांवर ठेवून. गाडी अडखळत गल्लीच्या तोंडाशी गेली, थांबली आणि उजवीकडे वळून दिसेनाशी झाली.

आम्ही तिघी तिथेच ऐकत राहिलो. ट्रकांच्या भोंग्यांत तिचा आवाज बुडाला. एकदा कुठेतरी करकचून ब्रेक लागला आणि डॉक्टरांच्या बायकोनं माझा दंड आवळला. मामी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुना म्हाईत व्हता?" मी हो म्हटलं. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं तरी राग आला नाही.

दोघं सुखरूप परत आले. मामा घामानं भिजले होते. हिरवी गाडी कोल्हापूरला गेली. मामींनी गाळ्याला कुलूप लावलं आणि मामांनी त्यांना अडवलं नाही.

मामी आधी गावच्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायच्या. त्यानंतर त्या मामांच्या डाव्या बाजूनं चालू लागल्या, मामा त्यांच्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून. रिक्षा आली, गटार आलं, कुणी ओळखीचं आलं, सगळं त्या हळू आवाजात सांगायच्या. बायका हसल्या, तरी मामींनी बाजू सोडली नाही. मामांनाही ते आवडत असावं, कारण ते आधीपेक्षा जास्त फिरायला जायचे.

पुढे मी नेरूळला राहायला गेले. मामा गेल्या वर्षी गेले, झोपेतच. परवा मी मामींना भेटायला गेले. त्या बाजारात निघाल्या होत्या, म्हणून मीही पिशवी घेतली आणि बोलत बोलत त्यांच्या उजव्या हाताला चालू लागले. चार पावलं गेल्यावर मामी थांबल्या. त्यांनी माझा हात धरून मला आपल्या डावीकडे घेतलं.

"तिकडनं नको बाय," त्या म्हणाल्या, "हिकडनं चल."