दुसऱ्याचं घरात नको

"ही तुमची. धरा."

दार उघडलं की आधी वाटी दिसायची आणि वाटीच्या मागे बाई. लांब केलेला हात, पांढरी सुती साडी, दोन्ही गुडघ्यांना बांधलेल्या क्रेप बँडेजमुळे किंचित फाकलेले पाय. आत या म्हटलं तर यायच्या नाहीत. "अजून अकरा दारं आहेत," म्हणायच्या आणि पिशवीतल्या परक्या वाट्या खणखणवत पुढच्या दाराकडे जायच्या.

मी चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्यावर नव्हे. कुणावर, ते कळेलच.

मयूर विहारात तेव्हा वाट्यांना पाय फुटलेले असत. आमची तीस सभासदांची सोसायटी नवीकोरी, बाजार नुकताच खुला झालेला, प्रत्येकाच्या घरात केबल आणि ओव्हन आलेला. जो तो काहीतरी नवीन करून शेजारी पाठवायचा. खीर, ढोकळा, चायनीज नावाचा कसला तरी लगदा. वाटी गेली की गेली. एकदा मी आमचं फडताळ आवरलं तर एकोणचाळीस वाट्या निघाल्या, त्यातल्या आमच्या फक्त सहा!

"निम्म्या करा, भाऊ," बाई म्हणाल्या होत्या. माझ्या कुठल्याही आकड्यावर त्यांचं हे ठरलेलं असे. मी म्हटलं, पन्नास डिग्री ऊन आहे, "निम्मं करा." मी म्हटलं, माझ्या साहेबाचं माझ्याशिवाय पान हलत नाही. "ते तर पावच करा."

बाई नगरकडच्या. एका मंत्रालयात स्टेनो. लग्न केलं नव्हतं. वडील गावात मास्तर आणि रविवारी उपदेशक. पण मराठी बाई आणि ख्रिस्ती, हे दिल्लीला पचायचं नाही. 'क्रिश्चन' ऐकलं की समोरचा म्हणायचा, "अच्छा, केरला से?"

"नहीं, नगर से."

"नागपुर?"

आणि आपली मराठी मंडळी त्याहून दीडशहाणी. महाराष्ट्र मंडळात एका पुणेकर काकूंनी डोळे विस्फारून विचारलं, "तुम्ही इतकं छान मराठी कसं काय हो बोलता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आई रागवायची ना, ते मराठीतच असायचं." काकूंना टोमणा कळला नाही. अजूनही कळला नसेल.

तर या वाट्यांचं प्रकरण. इस्टरच्या आधीच्या आठवड्याला बाई 'वल्हांडणाचा आठवडा' म्हणायच्या. मला वाटलं, हे नगरकडचं काहीतरी असेल. त्यांनीच मग सांगितलं: मिसर देशातून गुलाम रातोरात सुटले, पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, तशाच बिनखमिराच्या भाकरी घेऊन निघाले. त्याची आठवण म्हणून त्या सणात घरातलं सगळं खमीर शोधून बाहेर काढायचं. येशूचं शेवटचं जेवणही त्याच सणातलं.

"पण आमच्या घरात खमीर कुठलं?" बाई म्हणायच्या. "बारा महिने भाकरीच. मग वडील म्हणायचे, खमीर नाही ना, मग दुसऱ्याचं जे घरात असेल ते काढा. दुसऱ्याचं घरात ठेवलं की ते फुगत जातं. आम्ही भावंडं घर उलटंपालटं करायचो. कुणाची सुई, कुणाचं सूप, शाळेतला खडू. दुसऱ्याचं घरात नको. आणि परत करताना तोंडाने सांगायचं की हे तुमचं होतं, माझ्याकडे राहिलं. गुपचूप उंबऱ्यावर ठेवून पळालं तर चालायचं नाही."

"आणि तोंडाने नाही सांगितलं तर?"

"तर नुसती भांडी घासली, भाऊ. पश्चात्ताप नाही झाला."

मी हसलो. मला हसायला काय लागतं!

आता आमच्या सोसायटीच्या घरांची सोडत, राहायला येण्याआधीची. जून महिना, दुपारचे बारा. ऊन असं, की कावळे चपला घालून फिरत होते. (बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, निम्मे कावळे.) चार मजले आणि तळमजला, लिफ्ट नाही. मजल्यावर सहा घरं. पहिली सहा नावं निघतील त्यांना तळमजला. आमचे प्रेसिडेंटसाहेब फरीदाबादला नटबोल्टचा कारखाना चालवायचे. त्यांनी सभासदांच्या नंबरांचे रुपयाएवढे लोखंडी बिल्ले पाडून आणले होते. "चिठ्ठी फटती है जी, लोहा नहीं फटता!" टाळ्या. बिल्ले माठात टाकले. सोडत काढायला बाईंना बोलावलं, कारण, प्रेसिडेंट माइकवर म्हणाले, "ईसाई मैडम हैं, झूठ इनके बस का नहीं."

ऐन वेळी "अरे, छह रह गए, छह रह गए" असं करत प्रेसिडेंटांच्या भाच्याने सहा बिल्ले आणून माठात टाकले. कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवलेल्या बर्फाच्या टबाकडून आणले, हे मी पाहिलं. प्रेसिडेंट बाईंच्या कानाशी वाकले, ते पाहिलं. बाईंनी हात घातला, बिल्ला काढला आणि नंबर वाचण्याआधी तो पदराला पुसला, तेही पाहिलं. जूनच्या फुफाट्यात, कोरड्या माठातला बिल्ला ओला कसा?

सहाही बिल्ले पुसले गेले. पहिला प्रेसिडेंटांचा. चौथा माझा. सहावा खुद्द बाईंचा.

तुम्ही म्हणाल, तू का नाही ओरडलास? अहो, आदल्या आठवड्यात प्रेसिडेंट माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "आपका ग्राउंड फ्लोर तो पक्का समझो, यार." माझं तोंड सोसायटीत सगळ्यात मोठं. ते बंद करायला घरच घालावं लागलं, म्हणजे किती मोठं ते बघा.

आणि ज्याचं घर आम्ही खाल्लं तो माणूसही सांगतो. तिवारीजी. निवृत्त पोस्टमास्तर. बायकोला अर्धांगवायू. सोडतीआधी चार अर्ज केले होते, की तळमजला द्या, वाटलं तर लहान घर द्या. उत्तर मिळालं, "लॉटरी तो भगवान की मर्ज़ी है, पंडितजी." भगवान बर्फाच्या टबात बसला होता! तिवारींना चौथा मजला. त्या माउलीला वेताच्या खुर्चीत बसवून एकदा वर नेलं, ती नऊ महिने खाली आली नाही. डॉक्टर वर जायचा. ऊन हवं म्हणून तिला बाल्कनीत बसवत, आणि ती खाली आमच्या बागेकडे बघत बसे. आमच्या. मी तिथे गुलाब लावले होते. निर्लज्जपणे फुललेही.

मार्चअखेर वल्हांडणाचा आठवडा आला. मंगळवारी बाई वाटी घेऊन दारात. त्या पहिल्या वर्षी मात्र आत आल्या, बसल्या.

"भाऊ, सगळं घर धुंडाळलं. दुसऱ्याचं काही राहिलं नाही. एक राहिलंय."

"काय?"

"घरच." मग म्हणाल्या, "ते कानात म्हणाले, हाताला गार लागेल ते काढा, शुभ असतं. मला वाटलं, असेल इकडची रीत. पण पहिला बिल्ला हाताला लागला तेव्हाच कळलं. दुसरा काढायच्या आधी मी ओरडायला हवं होतं. मी सहाही काढले. गुडघे बोलत होते भाऊ, मी नव्हते. शुक्रवारी मीटिंग आहे, तिथे सांगणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. बिल्ला पुसताना पाहिलंत ना? एवढंच म्हणा."

"मी? छे हो! मी तर समोसा खात होतो."

बाईंनी वाटी माझ्या पुढ्यात ठेवली. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. आतून माझी बायको चहा घेऊन आली तोवर दार लागलं होतं.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सरकारी सुट्टी म्हणून सकाळी दहाला मीटिंग. बाईंना पुढे चर्चला जायचं होतं, उपाशीच होत्या. उभ्या राहिल्या आणि जे मला सांगितलं तेच हिंदीत सांगितलं, स्वतःला एका शब्दाची सूट न देता. "पाप मैंने किया. घर तिवारीजी का था, मेरे पास रह गया. ड्रॉ फिर से होना चाहिए."

तिवारीजी मागच्या रांगेत हात जोडून बसलेले, जणू गुन्हा त्यांचाच.

प्रेसिडेंट उठले. "मैडम की तबीयत ठीक नहीं. व्रत चल रहा है. किसी और ने देखा कुछ?"

आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! साहजिकच. मी न बोललेली मीटिंग आजवर झालीच नव्हती. आणि मी, देवाशपथ सांगतो, उभा राहून म्हणालो, "मैडमजी, बिल्ला ठंडा था, कि आपका हाथ?"

हॉल फुटला. लोक मांड्या थोपटत हसले. भाच्याला ठसका लागला. अख्ख्या हयातीत माझा इतका जमलेला विनोद दुसरा नाही. त्या हसण्यात ठराव झाला, की सोडत कायम, विषय बंद.

बाहेर पडताना बाई माझ्यापाशी थांबल्या. आवाज चढलेला नव्हता. "मयूर विहारात कोंबडे नाहीत, भाऊ. तुमचं बरं आहे."

मला काही कळलं नाही. तो चिमटा बायकोने फोडून सांगितला, कितीतरी महिन्यांनी, पोळ्या लाटता लाटता. बाईंकडूनच तिने ऐकलं होतं. येशूला धरून नेलं त्या वल्हांडणाच्या रात्री त्याचा सगळ्यात बोलघेवडा शिष्य तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. आणि कोंबडा आरवला. "तीनदा," बायको म्हणाली आणि लाटणं आपटलं. सोडत, दार, मीटिंग. मीही मोजले.

पण शनिवारचं राहिलं. शनिवारी सकाळी बाई चौथ्या मजल्यावर गेल्या, दर पायरीला कठडा धरत, आणि तिवारींचं दार वाजवलं. हात लांब केला. वाटी नव्हती, किल्ली होती.

"तिवारीजी, यह आपका है. हमारे यहाँ रह गया था."

एवढंच. तिवारीजींच्या पुतण्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. काका दारातच खाली बसले म्हणे. खुर्ची उतरवायला चार माणसं हवी होती. पुतण्या, चौकीदार आणि इस्त्रीवाला. चौथा मिळेना. तीस घरांचे पडदे हलत होते, दार एक उघडत नव्हतं. मी पडद्याच्या मागे, आणि माझ्या शेजारून माझी बायको तरातरा निघाली, पदर खोचला, जिने चढली आणि खुर्चीचा चौथा पाय तिने धरला. खाली आल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी लिहिणार नाही.

बाई तिवारींच्या घरात चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या. कमिटीने अदलाबदल कागदावर मंजूर केली नाही. तसं केलं तर सोडत खोटी ठरली असती. "कागद ठेवा तुमच्याकडे," बाई म्हणाल्या.

आता माझा संताप ऐका. या बाईला कुणी चांगलं म्हणावं? कोणी म्हणालं, डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, दिखावा. आणि एका शहाण्याने तर शोध लावला, की तिवारींना बाटवायचा डाव आहे! अरे मूर्खांनो, तिवारीजी तळमजल्यावर पहाटे रामायणातल्या चौपाया म्हणायचे, त्या आवाजाने अख्खी सोसायटी उठायची. बाई वरून ओरडायच्या, "तिवारीजी, आज एक छूट गई!" त्यांना निम्म्या पाठ झाल्या होत्या. कोण कुणाला बाटवत होतं? ज्यांनी एका अपंग बाईचं अंगण चोरलं ते सगळे टिळे लावून सज्जन, आणि जिने परत केलं ती संशयित! हे मला तेव्हाच भर मीटिंगमध्ये ओरडायचं होतं. आज कागदावर ओरडतोय. कागद काय, उलटून बोलत नाही.

अकरा वर्षं बाई ते जिने चढल्या. दर वल्हांडणाला वाट्यांची पिशवी घेऊन खाली उतरायच्या. आमच्या दारात, "ही तुमची. धरा." कधी वाकडा शब्द नाही. बायकोशी दोन गोष्टी बोलायच्या, माझ्या आकड्यांचे निम्मे करायच्या. आणि त्यांची एक वाटी आमच्याकडे होती, जुनी, काठाला नाव कोरलेली. ती त्यांनी कधीच मागितली नाही.

"देऊन या ना एकदा," बायको म्हणायची.

"देईन."

वाटी द्यायला वर जावं लागलं असतं. आणि तोंडाने सांगावं लागलं असतं. त्यांची रीतच तशी.

त्या निवृत्त होऊन नगरला भावाकडे गेल्या, त्या दिवशी मी ऑफिसच्या कामाने गुडगावला होतो. काम काही नव्हतं. वर्षभरात बिल्डिंगला लिफ्ट बसली. तिच्यावर संगमरवरी पाटी आहे, प्रेसिडेंटसाहेबांच्या अथक प्रयत्नांबद्दल. मी रोज वाचतो आणि रोज दात खातो.

गेल्या मार्चमध्ये नगरहून बाईंच्या भावाचा फोन आला. बाई गेल्या. वल्हांडणाच्या आठवड्यातच. घरात दुसऱ्याचं काही नव्हतं म्हणाला, फक्त एक पिशवी, त्यात शेजाऱ्यांच्या तीन डब्यांची झाकणं, चिठ्ठ्या लावून ठेवलेली.

मी वाटी घेतली. लिफ्टपाशी गेलो आणि जिन्याकडे वळलो. इतकी वर्षं या इमारतीत राहून मी कधी चौथ्या मजल्यावर गेलो नव्हतो. दार एका कॉल सेंटरवाल्या मुलीने उघडलं, कानात इअरफोनची बोंडं घातलेली. "किसको ढूँढ रहे हैं, अंकल?"

मी हात लांब केला. "यह इनका है," काठावरच्या नावावर बोट ठेवून म्हणालो. "हमारे यहाँ रह गया था. देखा था मैंने, सब देखा था."

"किनका?"

वाटी मी परत खाली आणली. काठावरचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव घेण्याआधी जे बोलायचं होतं, ते मी वेळेवर बोललो नाही.

पायऱ्या मात्र मोजल्या. बहात्तर आहेत. यात निम्मं काही करायचं नाही.