पश्चिमाभिमुख छत्री

वालधुनीच्या वस्तीत चांगदेव गांगुर्डे यांचे घर विचारले, की लोक बोलण्याऐवजी हात वर करून दाखवीत. घर बुटके, एकमजलीच. परंतु त्याच्या गच्चीवर बारा फूट रुंदीची एक लोखंडी छत्री पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. सळ्या वाकवून, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून ती चांगदेवांनी स्वहस्ते घडवली होती. उपग्रहाकडून येणारी चित्रे थेट आपल्या घरातल्या टीव्हीवर उतरवून घेण्याचे ते साधन. १९८८ साली कल्याणात अशी वस्तू क्वचितच कोणाच्या गच्चीवर दिसे.

मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात चांगदेवांनी एकतीस वर्षे दाब आणि उष्णता मोजणारी यंत्रे सांभाळली होती. यंत्र अचूक लागले, की त्याच्या नटावरून बोल्टापर्यंत लाल रंगाचा एक फराटा ओढायचा, हा तिथला शिरस्ता. फराटा अखंड आहे तोवर त्या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. तो शिरस्ता चांगदेवांच्या अंगी इतका भिनला होता, की घरातल्या देव्हाऱ्यावजा फळीच्या स्क्रूंवरही, तथागतांच्या मूर्तीच्या अगदी पायाशी, तसेच लाल फराटे होते.

निवृत्तीच्या वर्षीच पत्नी रमाबाई गेल्या. एकुलता एक मुलगा सुगत मस्कतला वातानुकूलन यंत्रांच्या कामावर होता. बापलेकांत वैर नव्हते, पण संभाषणही नव्हते. जे काही होते ते रमाबाईंच्या तोंडून. "आबांना विचार, जेवले का," असे मुलाने म्हणावे, आणि तीन हातांवर बसलेल्या बापाने, "सांग त्याला, जेवलो," असे उत्तर द्यावे. रमाबाई गेल्यावर ती प्रश्नोत्तरे वाहून नेणारे कोणी उरले नाही. मस्कतहून पत्रे येत. त्यांत प्रकृती, हवामान आणि सही एवढेच असे.

अशात हौशी तंत्रज्ञांच्या एका मासिकात चांगदेवांनी वाचले, की अरबी मुलखाच्या उपग्रहाचे क्षेपण आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. मस्कतमध्ये सुगत संध्याकाळी जे चित्र पाहतो, तेच चित्र आपण इथे बसून पाहावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उपजली. त्यांनी ती भीतभीत पत्रात लिहिली. उत्तरादाखल सुगतने एका परिचिताबरोबर छत्रीच्या केंद्रस्थानी बसवायचे ग्राहक यंत्र धाडले, आणि सोबत चक्क दोन पानांचे पत्र. कोणती तार कुठे जोडायची, गंज कसा टाळायचा, सारे सविस्तर. शेवटी लिहिले होते, 'चित्र आलं की लगेच कळवा.'

मासिकात दिलेल्या उंचीवर काहीच सापडले नाही. चांगदेव छत्री रोज बोटभर खाली झुकवीत गेले. १९८९च्या जानेवारीतल्या एका दुपारी ती जवळजवळ क्षितिजाला टेकली आणि लहरींचा जोर मोजायला जोडलेल्या मापकाचा काटा ताडकन उभा राहिला. टीव्हीवरचे पांढऱ्या मुंग्यांचे वारूळ विरले, काळे पट्टे संथपणे डोलू लागले, कर्ण्यातून खर्जातला एक अखंड घोष येऊ लागला. चित्र नव्हते, पण काटा होता, आणि काट्यावर चांगदेवांची श्रद्धा होती. उपग्रह जुना होऊन कलला असेल, चित्र पुढेमागे उलगडेल, असे त्यांनी मनाशी ठरवले. खाली जाऊन लाल रंगाची डबी आणली आणि छत्रीच्या चारही बोल्टांवर फराटे ओढले.

त्यानंतर मस्कतचे प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू होऊ लागले : 'आबा, चित्र आलं का?' मग एखादी नवी युक्ती, एखादा नकाशा. चांगदेव उत्तर देत, 'चित्र अद्याप नाही. काटा स्थिर आहे.' अडीच वर्षांत त्यांच्याजवळ एकोणतीस पत्रे जमली. रमाबाई असताना वर्षाकाठी दोन येत.

शेजारची शालन संध्याकाळी भाकरी-कालवण झाकून आणी आणि टीव्हीकडे पाहून नाक मुरडी.

"काय आबा, आज पण कोळशाचाच सिनेमा? पलीकडे केबल आलेय, वीस पावलं चाला की!"

"मला सिनेमा नको गं. सुगत बघतो ते बघायचंय."

"मग सरळ फोन करा ना त्याला. नाक्यावर पिवळी पाटी लागलेय, परदेशी पण लागतो फोन."

"फोनवर काय बोलू?" चांगदेव म्हणाले. शालनला हसू आले, पण त्यांचा चेहरा पाहून ते तिने गिळले.

१९९१ साली पश्चिमेच्या मोकळ्या जागेवर इमारत चढू लागली. तिचा चौथा स्लॅब भरला त्या दिवशी काटा शून्यावर आला. चांगदेवांनी तारा तपासल्या, सांधे घासले, ग्राहक यंत्र उकलून पुन्हा बसवले. फराट्यांना मात्र हात लावला नाही. तीन दिवस झाले तेव्हा शालनने आपला भाऊ तानाजी याला बोलावले. तो टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होता.

तानाजीने छत्रीमागे वाकून एक डोळा मिटला.

"आबा, ही बघतेय कुठे?"

"अरबी उपग्रहाकडे."

"उपग्रह वर असतो हो! ही तर चौथ्या मजल्याच्या बांबूंकडे बघतेय. त्याच्या मागे, खाडीपलीकडच्या डोंगरावर, आमचा टॉवर आहे. ट्रंक लाइनीचा. त्याच्या लहरी आणि उपग्रहाच्या लहरी एकाच पट्टीतल्या. तुम्ही अडीच वर्षं टॉवर धरून बसलेलात."

"म्हणजे चित्र..."

"चित्र नव्हतंच कधी. ते फोन होते, आबा. माणसांचं बोलणं. एका वेळी शेकडो."

चांगदेवांनी बोल्टावरच्या लाल फराट्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "एकदा असं मागे वाकून, ही बघतेय कुठे, एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी कान उपटला असता."

"आता वर उचला, खरा सापडेल," तानाजी म्हणाला. "नाहीतर सोडून द्या."

तो गेल्यावर चांगदेव पत्र लिहायला बसले. 'चित्र अद्याप नाही' हे तीन शब्द लिहिले, की आणखी एकोणतीस पत्रे येणार होती. 'चित्र येणार नाही' असे लिहिले, तर पुढच्या पत्रात मुलाने काय विचारावे? पहिले वाक्य खोटे, आणि दुसऱ्यानंतर कागद कोरा. लेखणी तशीच ठेवून ते उठले, पत्रावरून सुगतच्या मुक्कामाचा नंबर उतरवून घेतला आणि शालनने आणलेले ताट झाकलेलेच सोडून नाक्यावरच्या पिवळ्या पाटीखाली जाऊन उभे राहिले.

चौथ्या खेपेला फोन लागला. तारेत खर्जातला घोष होता, त्याच्या पलीकडून आवाज आला, "आबा? काय झालं? चित्र आलं?"

"नाही आलं. येणार नाही. ती छत्री चुकीचीच लागली होती."

चांगदेवांनी बूथच्या काचेवरचे आपले प्रतिबिंब पाहिले. इतकी वर्षे रमाबाईंनी वाहिलेला प्रश्न त्यांना आज स्वतःच्या तोंडाने विचारावा लागणार होता, आणि तो ओठांवर येईना.

"जेवलास का?" ते शेवटी म्हणाले.

"अजून कुठे, आबा? इकडे साडेसहाच वाजलेत." मग जरा थांबून, "तुम्ही?"

"जेवलो," चांगदेव म्हणाले.